संमतीपत्रावर मी सही केली नाही

“पकडून लांब डोंगरात नेऊन सोडणार ना?”

तिसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी हे विचारलं, आणि सभेतल्या निम्म्या लोकांच्या मनात तेच असणार. आम्ही दक्षिण कॅलिफोर्नियात, ऑरेंज काउंटीत राहतो. घरांच्या मागे खुरट्या झुडपांच्या टेकड्या आणि त्यांच्या पायथ्याशी वर्षातले दहा महिने कोरडा पडलेला ओढा. दोन महिन्यांत वसाहतीतली तीन मांजरं नाहीशी झाली होती. दिव्यांच्या खांबांवर त्यांचे फोटो होते, खाली फोन नंबर. सभेपुढे ठराव होता तो कायोटी, म्हणजे कोल्ह्यासारखा रानटी प्राणी, धरणाऱ्या माणसाला तीन महिन्यांसाठी नेमण्याचा, खर्च मासिक वर्गणीतून. तो माणूस समोरच बसला होता, टोपी मांडीवर ठेवून. साठीचा असेल.

“नाही मॅडम,” तो म्हणाला. “या राज्यात दुसरीकडे नेऊन सोडता येत नाही. सापडला की तिथल्या तिथे सोडून द्यायचा, नाहीतर तिथल्या तिथे मारायचा. सोडूनच द्यायचा असता तर तुम्ही मला बोलावलं नसतं.”

अध्यक्षांनी घसा खाकरला. कुणीतरी खुर्ची सरकवली. एकोणीस वर्षं मी या सभांना जातोय, पण इतकं स्वच्छ बोललेला माणूस आठवत नाही. ठरावाच्या मसुद्यात ‘मारणे’ हा शब्द कुठेच नव्हता. ‘हटवणे’ होता, तोही तीनदा.

कायोटी म्हणजे काय, हे गावाकडच्या नातेवाइकांना सांगताना मी ‘इथला कोल्हा’ म्हणतो, आणि ते बरंचसं खरं आहे. आपल्या कोल्ह्याच्याच कुळातला, अंगानं जरा थोराड, दहा-पंधरा किलोचा, करड्या-तपकिरी केसांचा. संध्याकाळी टेकडीवरून येते ती कोल्हेकुईच. आपल्याकडे ‘कोल्हा काकडीला राजी’ म्हणतात, तसा हाही फळांना राजी असतो. अंजीर, द्राक्षं, शोभेच्या ताडांची फळं, काहीही चालतं. शिकागो ज्या कुक काउंटीत आहे तिथे स्टॅन्ली गेर्ट यांच्या चमूनं २००० सालापासून कायोटींना रेडिओ कॉलर बांधून अभ्यास चालवला आहे. तिथल्या विष्ठेच्या नमुन्यांत सगळ्यांत जास्त निघाले ते उंदरांच्या जातीचे प्राणी, मग फळं, हरणं, ससे. मांजर शंभरात जेमतेम एका नमुन्यात. याच अभ्यासातून हेही कळलं की कायोटीची जोडी जन्मभर टिकते, आणि जनुकीय तपासणीत बाहेरख्यालीपणाचा एकही पुरावा मिळाला नाही. आमच्या वसाहतीबद्दल असं छातीठोकपणे सांगता येणार नाही.

प्राणिप्रेमी मंडळी शिकागोचा आकडा सांगून थांबतात. पण लॉस एंजेलिसमध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेनं असाच अभ्यास केला, तेव्हा शहरी कायोटींच्या दर पाच नमुन्यांपैकी एकात मांजर निघालं. खांबांवरचे फोटो म्हणजे काही कांगावा नव्हता. मी सभेत फासाविरुद्ध बोललो, पण ‘कायोटी मांजरं खात नाहीत’ असं म्हणणारा जो तरुण माझ्या बाजूनं उभा राहिला, त्यानं माझी बाजू कच्ची केली.

मूळचा हा प्राणी पश्चिमेकडच्या गवताळ माळांचा आणि वाळवंटांचा. १९१५ पासून अमेरिकी सरकारनं हिंस्र प्राणी मारायला पगारी शिकारी ठेवले, १९३१ साली त्यासाठी वेगळा कायदाच केला. त्यात लांडगा देशाच्या बहुतेक भागातून संपला. कायोटी संपला नाही, उलट लांडग्याच्या मोकळ्या झालेल्या मुलखात पसरला. आज हवाई सोडलं तर तो नाही असं राज्य नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात तो दिसतो. २००७ साली शिकागोच्या ऐन मध्यवस्तीत एक कायोटी सँडविचच्या दुकानात शिरला आणि थंड पेयांच्या कपाटात जाऊन पडून राहिला. युद्ध मात्र चालूच आहे. केंद्रीय कृषी खात्याची वन्यजीव शाखा आजही वर्षाला साठ हजारांच्या आसपास कायोटी मारते. हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून, फास लावून, लोखंडी सापळे लावून, आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत जमिनीत पुरलेल्या सायनाइडच्या नळ्यांनीही. २०१७ साली आयडाहोतल्या पोकाटेलोमध्ये घरामागच्या टेकडीवर फिरायला गेलेल्या चौदा वर्षांच्या मुलानं तसली एक नळी पाण्याचा फवारा समजून हाताळली. मुलगा वाचला. त्याचा कुत्रा त्याच्या डोळ्यांदेखत मेला.

शंभर वर्षं मारूनही तो वाढला कसा, याचं उत्तर त्याच्या संसारात आहे. टोळीतली मुख्य जोडी फुटली की एरवी पिल्लं न घालणाऱ्या माद्या घालू लागतात. खाणारी तोंडं कमी झाल्यानं पिल्लं जास्त जगतात. रिकामा मुलूख शेजारचा एखादा भटका तरुण येऊन बळकावतो. १९७५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कॉनली आणि लाँगहर्स्ट यांनी गणित मांडलं होतं की दर वर्षी पंचाहत्तर टक्के कायोटी मारत राहिलं, तर ते नामशेष व्हायला पन्नासाहून जास्त वर्षं लागतील. आमच्या सापळेवाल्यानंही हे नाकारलं नाही. “पुढच्या वर्षी परत बोलवाल,” म्हणाला.

इथे थांबणं सोपं होतं. बहुतेक जण थांबतातही: सापळ्याचा उपयोग नाही, सबब सापळा नको. मला हा युक्तिवाद अपुरा वाटतो, थोडा पळपुटाही. उद्या कुणी असा फास काढला की टेकडी कायमची कायोटीमुक्त होईल, तर मग लावावा का? मला तरीही लावू नये असंच वाटतं, आणि ते का वाटतं हे उपयोगाच्या हिशोबात सापडत नाही.

फास त्यानं पिशवीतून काढून दाखवला. सायकलच्या ब्रेकला असते तसली पीळदार तार, दोनेक हात लांब. एका टोकाला वेटोळं, त्यावर एक बारकं लोखंडी कुलूप. ते पुढे सरकतं, मागे येत नाही. कुंपणाखालची माती जिथे गुळगुळीत झाली आहे, तारेला केस चिकटले आहेत, तिथून प्राण्याची रोजची वाट असते. त्या वाटेवर, जमिनीपासून वीतभर उंच, ते वेटोळं टांगायचं. पिंजऱ्यात कायोटी सहसा पाऊल टाकत नाही, म्हणून फास. पुढे ओढलं की आवळतं, जास्त ओढलं की जास्त आवळतं. कोकणात रानडुकरांसाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकल्याच्या बातम्या ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. तार मानेऐवजी कमरेला बसली तर जीव लवकर जात नाही. कॅलिफोर्नियाच्या नियमानं लावलेले सापळे दिवसातून एकदा तपासावे लागतात, म्हणजे चोवीस तास कायद्यात बसतात. शेजारच्या नेवाडात बहुतेक ठिकाणी शहाण्णव तास. चार दिवस आणि चार रात्री.

शिवाय आत मान घालणारा कोण आहे हे तारेला कळत नाही. न्यू मेक्सिकोत २०१८ साली रॉक्सी नावाची कुत्री मालकाबरोबर फिरताना सार्वजनिक जमिनीवरच्या फासात अडकली आणि तो सोडवायची धडपड करत असताना गुदमरून मेली. २०२१ साली तिच्याच नावानं ओळखला जाणारा कायदा झाला आणि तिथल्या सार्वजनिक जमिनीवर सापळे, फास आणि विष बंद झालं. कॅलिफोर्नियानं १९९८ साली जनमत घेऊन जबड्याचे लोखंडी सापळे बंद केले, २०१९ साली कातड्यांच्या धंद्यासाठी सापळे लावणंही. ‘उपद्रवी’ प्राण्यासाठीचा फास मात्र राहिला. कातडं विकण्यासाठी मारणं वाईट आणि निवांत झोप यावी म्हणून मारणं चालेल, असा या भेदाचा अर्थ निघतो. कातडेवाल्याचं निदान पोट तरी त्यावर होतं.

माझं म्हणणं असं आहे. मारायचाच तर तो अमुक एक प्राणी असला पाहिजे, त्यानं अमुक एक इजा केली आहे हे माहीत असलं पाहिजे, आणि त्याआधी आपल्या हातातलं होतं ते आपण केलेलं असलं पाहिजे. वसाहतीतला फास यातल्या एकाही कसोटीला उतरत नाही. मांजरं कुठल्या कायोटीनं नेली हे कुणालाच माहीत नाही. एखादं गाडीखाली गेलं असेल. फासात जो पडेल तोच चोर, असा हा न्याय. सभेत एक गृहस्थ म्हणाले, जनावराला कसला आलाय न्याय-अन्याय? बरोबर आहे. जनावराला अपराध कळत नाही, म्हणून त्याला शिक्षाही लागू होत नाही. मग उरते ती खबरदारी, आणि खबरदारी घ्यायची अक्कल या ओढ्याच्या दोन काठांपैकी एकाच काठावर आहे.

कायोटी माणसावर उलटतो तेव्हा मी हळवा होत नाही. उत्तर अमेरिकेत त्याच्या हल्ल्यात माणसं मेल्याच्या दोन नोंदी आहेत. १९८१ साली ग्लेनडेलमध्ये, म्हणजे आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, तीन वर्षांची मुलगी, आणि २००९ साली कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या एका राष्ट्रीय उद्यानात एकोणीस वर्षांची गायिका. दोनच, असं म्हणायची एक पद्धत आहे. मी तसं म्हणणार नाही. चावायला सोकावलेला प्राणी गोळी घालून मारावा लागतो आणि तो मारावाच. पण त्या वाटेला तो कसा लागला हेही बघावं. व्हँकूव्हरच्या स्टॅन्ली पार्कात डिसेंबर २०२० ते ऑगस्ट २०२१ या नऊ महिन्यांत कायोटींनी पंचेचाळीस जणांना चावे घेतले. शेवटी बाग बंद ठेवावी लागली, एकूण अकरा कायोटी मारले. लोक त्यांना खायला घालत होते. कुणी भूतदयेनं, कुणी फोटो चांगला यावा म्हणून. सॅन फ्रान्सिस्कोच्या वनस्पती उद्यानात २०२४ च्या जूनमध्ये एक कायोटी पाच वर्षांच्या मुलीला चावला. तो पिल्लांचा हंगाम होता. त्यानंतर तीन कायोटी मारले आणि डीएनए जुळला तो एकाचा. अमुक एक प्राणी शोधणं जिथे मनापासून ठरलेलं असतं तिथेही एकाबरोबर दोन जातात. मग कुंपणाखाली टांगलेल्या तारेचा हिशोब काय लावायचा?

मेंढपाळांचा प्रश्न वेगळा आहे, आणि तिथे माझ्यासारख्या कॉम्प्युटरवर पोट असलेल्या माणसानं जपून बोलावं. मांजर गेलं की घर सुनं होतं, कोकरं गेली की बँकेचा हप्ता चुकतो. तरीही उदाहरण आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटी आहे, तिथे मेंढ्यांचे जुने कळप आहेत. तिथल्या काउंटीनं २००० साली केंद्रीय शिकाऱ्यांशी असलेला करार मोडला आणि तोच पैसा मेंढपाळांना कुंपणं, राखणीचे कुत्रे, रात्रीचे गोठे यांसाठी द्यायला सुरुवात केली. सगळे खूश झाले असं नाही. पण खर्च समाजानं उचलला, हे मला महत्त्वाचं वाटतं. टेकडीवर कायोटी हवा असं शहरातल्या माणसाला वाटत असेल, तर त्याची किंमत मेंढपाळाच्या एकट्याच्या गळ्यात घालता येत नाही. पुणे-नगरच्या माळावरचा धनगर लांडग्यानं नेलेल्या कोकराचा हिशोब कुणाकडे मागायला जात नाही, आणि त्याच्या त्या सोशीकपणाचं आपण फार कौतुक करतो. कौतुक फुकट असतं.

पहिल्या प्रश्नाकडे परत येतो, लांब डोंगरात नेऊन सोडण्याकडे. त्या बाईंना मी सभेनंतर जुन्नरची गोष्ट सांगितली. २००१ नंतर तिथे उसात राहणारे बिबटे पिंजरे लावून धरले आणि दूरच्या जंगलांत सोडले. मारायचं नाही, फक्त हलवायचं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आकडे तपासले तेव्हा दिसलं की या मोहिमेआधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते, ते सतरावर गेले आणि त्यात जीव जाण्याचं प्रमाण दुप्पट झालं. अनोळखी मुलखात टाकलेला, पिंजऱ्यात धडका मारून जखमी झालेला, माणसाचा धसका घेतलेला प्राणी शहाण्यासारखा वागेल कसा? २००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला, ‘आजोबा’ नाव मिळालेला बिबट्या माळशेज घाटात सोडला, तर तो चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. सोडलेल्या जागी राहायचं त्यानं कबूल केलेलंच नव्हतं. बिबट्या आणि कायोटी यांची तुलना ताणू नये. बिबट्या माणसाचं मूल उचलतो, आणि जुन्नरकडच्या ज्या आईचं मूल गेलं तिला कायोटीवरचा निबंध वाचून दाखवण्याचा मला अधिकार नाही. पण ‘मारू नका, कुठेतरी सोडा’ म्हणताना आपण दया प्राण्यावर करतो की स्वतःवर, एवढं मात्र जुन्नरवरून विचारता येतं. त्या बाई ऐकून म्हणाल्या, “म्हणजे दोन्हीकडून वाईटच.” मी हो म्हणालो.

आता माझ्या घरातलं. गेल्या वर्षी आई आली होती, नेमकी पितृपक्षात. वडिलांच्या तिथीला तिनं स्वयंपाक केला: वरण-भात, भाजी, वडे, खीर. पान वाढून मागच्या कुंपणाच्या भिंतीवर ठेवलं आणि कावळ्याची वाट पाहत खिडकीशी बसली. इथे कावळे पुष्कळ आहेत, पण त्या दिवशी एकही फिरकेना. “त्यांची काही इच्छा राहिली असेल,” म्हणाली. अर्ध्या तासानं भिंतीवर कायोटी चढला. सहा फुटांची भिंत तो मांजरासारखा चढला. आधी वडे खाल्ले, मग भात, खिरीची वाटी चाटून खाली पाडली आणि क्षणभर आमच्याकडे बघून पलीकडे उतरला. आईनं हात जोडले. मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तो परत आला तेव्हा मला हसू आलं नाही. आईनं त्याच्यासाठी पोळी ठेवली होती.

लॉस एंजेलिस काउंटीत असं खाऊ घालणं सरळ बेकायदा आहे. आमच्याकडे असले नियम कुणी वाचलेले नसतात. भिंतीवरची पोळी, चार नंबरच्या घरात पक्ष्यांसाठी टांगलेले दाणे आणि त्याखाली जमणारे उंदीर, कुत्र्याची अंगणातली थाळी, झाडाखाली सडणारी अंजिरं, झाकण न लागणारी कचरापेटी, आणि रात्री दार उघडून बाहेर सोडलेलं मांजर. वसाहतीनं खाणावळ काढली होती, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून आम्ही मारेकरी नेमायला बसलो होतो. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती दुखावली. “भुकेल्याला घातलं तर काय चुकलं?” तिला पटवायला मला सभेपेक्षा जास्त वेळ लागला. शेवटी तिला पटलं ते एका वाक्यावर: तू घालशील, पण ओरडून हाकलणारा पुढचा माणूस नसेल, तार लावणारा असेल.

ठराव मंजूर झाला, थोड्या मतांनी. पण घराच्या दीडशे यार्डांच्या आत सापळा लावायला लेखी संमती लागते, आणि माझं घर ओढ्याला लागून आहे. संमतीपत्र घेऊन ज्या आल्या, त्यांचंच तिसरं मांजर. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात. खांबावरचा तो नारिंगी बोका अकरा वर्षांचा होता. मी कागद वाचला आणि सही करणार नाही म्हणालो.

“तुझं मांजर असतं तर?” त्यांनी विचारलं.

खरं सांगायचं तर केली असती सही. दुसऱ्या दिवशी केली असती, पाचव्या दिवशीही. म्हणूनच हा निर्णय ज्याचं मांजर परवा गेलं त्याच्या हातात असू नये असं मला वाटतं. तसाच तो, ज्याचं कधीच काही गेलं नाही त्याच्याही एकट्याच्या हातात असू नये, आणि तो माणूस मीच होतो. हे त्यांना सांगताना माझी जीभ अडखळली. इंग्रजीत सांगायचं होतं म्हणूनही असेल.

आई यंदाही इथेच आहे. तिला आमच्या बोलण्यातलं निम्मं कळलं असावं. तिनं चहा ठेवला, मग आतून कॉफीचा रिकामा पत्र्याचा डबा आणला. उन्हाळ्यात आम्ही त्यात सुट्टी नाणी भरून झाकणाला चिकटपट्टी लावली होती. कायोटी दिसला की दोन्ही हात वर करायचे, आरडाओरडा करायचा, डबा जोरात हलवायचा. त्याला माणसाची भीती राहिली पाहिजे. गावाकडे कणसात राखणीला बसणाऱ्या बायका पत्रा बडवतात, त्यामुळे आईला हे शिकवावं लागलं नाही. बाईंनी डबा हातात घेतला, हलवला. केवढा तरी आवाज झाला. आई म्हणाली, “जोरात, अजून जोरात,” मराठीतच. त्यांनी अजून जोरात हलवला.

कागद त्या टेबलावरच विसरून गेल्या. डबा घेऊन गेल्या.